मागच्या आसाची साक्ष



धारवाडच्या परिसरात शिलालेखांची वाण नाही. अण्णिगेरीच्या अमृतेश्वरापासून लक्कुंडीच्या देवळांपर्यंत ह्या भागातला दगड जागोजाग बोलता झालेला आहे, आणि त्याचे बोल समजावून घेण्यासाठी धारवाडात १९३९ साली कन्नड संशोधन संस्था स्थापन झाली. परंतु इतिहास केवळ दगडावर आणि ताम्रपटावरच लिहिलेला असतो, असे मानण्याचे कारण नाही. तो लोखंडावरही लिहिलेला असतो. अशाच एका लेखाविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. हा लेख देवळाच्या भिंतीवर नाही; तो जुन्या मालमोटारीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या एका फुगीर लोखंडी पेटीत, काळ्या दाट तेलात बुडालेला आहे. त्याची भाषा अंकांची आहे. त्याचे वाचन करणारा पंडित म्हणजे गॅरेजमधला मिस्त्री होय.

मोटारीचे इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते; चाकाने तितके फेरे घेतले तर गाडी रस्त्यावर राहणार नाही. म्हणून इंजिनाचा वेग चाकापर्यंत पोचण्यापूर्वी कमी करावा लागतो, आणि जितका वेग कमी तितका जोर अधिक, हा यंत्रशास्त्राचा साधा हिशेब आहे. गिअरपेटीत हा बदल चालकाच्या इच्छेने होतो. मागच्या आसात मात्र तो कायमचा ठरलेला असतो. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, त्यास पिनियन म्हणतात. ते आपल्याहून मोठ्या दंतचक्रास फिरविते, त्यास क्राउन म्हणतात. मोठ्याच्या दातांना लहानाच्या दातांनी भागले की जो आकडा येतो, तोच मागच्या आसाचे गुणोत्तर. क्राउनला ३७ दात आणि पिनियनला ९ दात असतील तर गुणोत्तर ४.११; ३६ आणि ७ असतील तर ५.१४. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे चार फेरे की पाच, एवढाच प्रश्न. पण ह्या एका फेऱ्याच्या फरकात मुलखाचा भूगोल, व्यापाराची वाट आणि गाडीच्या मालकाचे पोट, तिन्ही सामावलेली असतात.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून प्रथम मुलखाकडे पाहू. धारवाड हे दोन प्रदेशांच्या सीमेवरचे गाव आहे. पूर्वेस नवलगुंद, अण्णिगेरी, गदग ह्या बाजूला काळ्या जमिनीचे सपाट मैदान पसरले आहे. कानडीत त्यास बयलुसीमे म्हणतात. पश्चिमेस हल्याळ, यल्लापूर, शिरसीच्या बाजूला मलनाड, म्हणजे झाडीचा आणि पावसाचा डोंगराळ मुलूख, आणि त्यापलीकडे सह्याद्रीचा कडा उतरून समुद्र. हुबळी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर आहे. कापूस पिकतो मैदानात आणि गलबते लागतात किनाऱ्यावर. तेव्हा ह्या भागातल्या मालाला घाट उतरल्यावाचून गत्यंतर नव्हते.

एकोणिसाव्या शतकात धारवाडकडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि बैलगाड्यांतून कुमठ्याच्या बंदरास जात असे, आणि त्या बंदरावरूनच बाजारात त्याचे नाव ‘कुमठा कापूस’ असे पडले. पिकले एकीकडे आणि नाव मिळाले दुसऱ्याचे, असा हा प्रकार. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडून विलायतेस जाणारा कापूस थांबला आणि धारवाडच्या कापसास एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास, १८६२ साली, उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. कारवारचे बंदर आणि तिकडे उतरणारे घाटरस्ते धारवाडच्या कापसासाठी एका हाताखाली यावेत, हा त्यातला प्रमुख हेतू होता. घाटासाठी जिल्ह्याचा इलाखा बदलला, एवढे घाटाचे महत्त्व होते.

ह्या वाटेवरच्या गाडीवानांना गुणोत्तराचे ज्ञान नव्हते असे समजू नका. घाट लागला की गाडीस बैलांची जादा जोडी जुंपावयाची, आणि उतार लागला की चाकास अडण लावून गाडी रोखावयाची, हे ते जाणत होते. वेग द्यावा आणि जोर घ्यावा, हा सौदा त्यांच्या रोजच्या व्यवहारातला होता. मोटारीच्या मागच्या आसाने तोच सौदा दातांच्या भाषेत लिहून ठेवला, इतकेच.

पुढे आगगाडी आली. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे धारवाडास होते. ज्या भव्य इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागले, ती मूळची ह्या कंपनीची कचेरी. कंपनीचा कारखाना हुबळीस निघाला. कॅसलरॉकवरून गोव्याकडे उतरणारा रेल्वेचा घाट सुमारे चाळिसांत एक अशा चढाचा, आणि तिथे आगगाडीलाही मागून ढकलणारे जादा इंजिन लागे. पुन्हा जादा जोडीच! रेल्वेमुळे कुमठ्याची सद्दी संपली. पण हुबळीत एक नवी गोष्ट रुजली. लोखंड कातणे, दात पाडणे, बेअरिंग बसविणे ह्या कामांना सरावलेली माणसे ह्या शहरात पिढ्यानुपिढ्या तयार झाली. इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडविले आणि १९१० साली आपला कारखाना कुंडलच्या माळावर नेला. एकूण, ज्यास आपण दक्षिण महाराष्ट्र म्हणत आलो, त्या कानडी-मराठी मुलखाची यंत्राशी ओळख मोटारीच्या आधीची आहे.

आता मोटारीकडे वळू. बैलगाडीच्या आणि मोटारीच्या आसात एक मूलभूत भेद आहे. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि चाके त्यावर स्वतंत्रपणे फिरतात; वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरले तरी कुणाचे काही बिघडत नाही. मोटारीत मात्र जोर आसातूनच चाकांना द्यावयाचा असतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसविली तर वळणावर एक चाक फरपटत जाते. सैल सोडली तर जोर पोचत नाही. ह्या पेचातून ओनेसिफोर पेकर ह्या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी मार्ग काढला. क्राउन जितका फिरेल त्याची सरासरी दोन चाकांनी वाटून घ्यावी. एकाने कमी घेतले तर दुसऱ्याने तेवढे अधिक घ्यावे, अशी ती दंतचक्रांची योजना. तिलाच डिफरन्शियल म्हणतात. दोन भावांतील वाटणीसारखी ही योजना आहे: एकूण ठरलेले, वाटा मात्र बदलता. हे तत्त्व ध्यानात ठेवावे, कारण आसाचे गुणोत्तर ओळखताना सर्वांत मोठी फसगत ह्याच ठिकाणी होते.

फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध ‘टी’ मोटारीत क्राउनला ४० आणि पिनियनला ११ दात होते. म्हणजे गुणोत्तर ३.६४. त्याच गाडीची मालवाहू आवृत्ती १९१७ साली निघाली, तेव्हा तिच्या मागच्या आसात मळसूत्री दंतचक्र घालून गुणोत्तर ७.२५ पर्यंत नेले होते. इंजिन तेच, पण एक गाडी माणसे पळविणारी आणि दुसरी ओझे ओढणारी, हा फरक मागच्या आसाने पाडला. फोर्ड कंपनीने १९२६ साली आणि जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली हिंदुस्थानात आपले काम सुरू केले. जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना मुंबईस शिवडीला होता. सुटे भाग पेट्यांतून यावयाचे, गाडी येथे जोडावयाची आणि तिच्यावर लाकडी-पत्र्याचा सांगाडा देशी सुताराने चढवावयाचा. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने मोटारींच्या बाबतीत ह्या भागाचे तोंड साहजिकच मुंबईकडे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘पिकअप’ हा शब्द आपल्याकडे अधिक ऐकू येऊ लागला: पुढे दोघा-तिघांपुरती बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली लहान मालमोटार. शेव्हरोलेच्या १९४७ ते १९५५ च्या गाड्यांचे उदाहरण घेऊ, कारण तिच्यात आपल्या विषयाचे सार आले आहे. अर्ध्या टनाच्या गाडीस साधारणपणे ३७ आणि ९ दातांची जोडी, म्हणजे ४.११, पाऊण टनाच्या गाडीस ३२ आणि ७, म्हणजे ४.५७; एक टनाच्या गाडीस ३६ आणि ७, म्हणजे ५.१४. तिन्ही गाड्यांचे तोंड सारखे, इंजिनही एकाच घराण्याचे. भेद मागे, नजरेआड.

ह्या भेदाचा व्यवहारात काय परिणाम होतो तो पाहा. चाकाचा घेर ८ फूट धरू. एका मैलात चाकाचे ६६० फेरे होतील. ताशी ३० मैल वेगाने गाडी निघाली तर चाक मिनिटाला ३३० फेरे घेईल. त्या वेळी वरच्या गिअरमध्ये ४.११ च्या आसास इंजिनाचे सुमारे १,३५६ फेरे पुरतात; ५.१४ च्या आसास मात्र सुमारे १,६९६ लागतात. नवलगुंदच्या सपाटीवर कापसाचे बोंद नेणाऱ्याने दुसरा आस घेतला, तर पेट्रोल जाईल आणि इंजिन उगाच झिजेल. उलट यल्लापूरकडून अरबैल घाटाने अंकोल्यास जाणाऱ्याच्या दृष्टीने तोच आस चाकाला सव्वापट जोर देणारा. ही सव्वापट चढावरच कामास येते असे नव्हे. लादलेली गाडी उतारावर असताना तेच गुणोत्तर इंजिनाच्या लगामाने गाडीस मागे खेचून धरते आणि ब्रेकचा भार हलका करते. म्हणून जुन्या गाडीच्या आसात ५.१४ सापडले, तर ती गाडी ओझ्यासाठी घेतलेली होती आणि बहुधा चढ-उताराच्या वाटेवर राबली होती, असे अनुमान करता येते. हीच ती मागच्या आसाची साक्ष.

साक्ष घेण्याच्या पद्धती चार आहेत, आणि त्या सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या आहेत. पहिली पद्धत बाहेरून वाचण्याची. काही कारखाने हौसिंगच्या बोल्टाखाली पत्र्याची लहान चकती बसवीत आणि तिच्यावर दातांची संख्या अथवा गुणोत्तर उमटवीत. ही चकती मिळाली तर आनंदच. पण तीवर विसंबणे म्हणजे पाटीवरून घरमालक ओळखणे होय. हौसिंग राहते आणि आतले दात बदलले जातात.

दुसरी पद्धत खडूची. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, मागची दोन्ही चाके उचलून आस भक्कम घोड्यांवर टेकवावा, केवळ जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये, आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. टायरवर एक आणि शाफ्टवर एक अशा खडूच्या खुणा कराव्यात. दोन्ही चाके एकाच दिशेने बरोबर एक फेरा फिरविली, म्हणजे शाफ्टचे फेरे हेच गुणोत्तर. एकच चाक उचलले आणि दुसरे जमिनीवर टेकलेले राहिले, तर मात्र मघाची दोन भावांची वाटणी आठवावी. थांबलेल्या चाकाचा वाटा फिरणाऱ्या चाकास मिळतो, आणि क्राउनच्या एका फेऱ्यात हे चाक दोन फेरे घेते. अशा वेळी चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे दोनच फेरे भरले म्हणून ‘गुणोत्तर दोन’ असा निकाल देणारे अनेक निघतात. वस्तुतः चाक दोनदा फिरवून मगच शाफ्टचे फेरे मोजावयास हवेत. शिवाय ४.१० आणि ४.११ हा भेद एका फेऱ्यात दिसत नाही. दहा फेरे मोजले तर एकाचे ४१ आणि दुसऱ्याचे ४१ पूर्णांक आणि वर सुमारे नवमांश होतात. ही नवमांश फेऱ्याची फट खडूची खूण स्पष्ट दाखविते. सावकाश आणि पुष्कळ मोजणे हाच इथे सूक्ष्मदर्शक.

तिसरी पद्धत झाकलेल्या शाफ्टसाठी. शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाच्या त्या जुन्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्ट एका नळकांड्यात बंद असे. त्यावर खडू चालत नाही. परंतु त्या काळच्या गाड्या हँडल मारून सुरू करता येत. इग्निशन बंद करून, स्पार्क प्लग काढून इंजिन हलके करावे आणि वरचा गिअर घालावा. वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. तेव्हा हँडलचे फेरे तेच शाफ्टचे फेरे. एक चाक उचलले असेल तर त्याच्या दोन फेऱ्यांस हँडलचे किती, एवढे पाहिले की झाले. ज्या हँडलने पहाटे थंड इंजिन जागे करावयाचे, त्याच हँडलने त्याच्या घराण्याचा शोध घ्यावयाचा!

चौथी पद्धत पेटी उघडून दात मोजण्याची. ती निर्णायक खरी. पण तेल, गॅस्केट आणि वेळ ह्यांचा खर्च तीत आहे. मोजताना एक गोष्ट लक्षात येते, ती सांगण्याजोगी आहे. ३७ आणि ९, ३६ आणि ७, ४३ आणि ८ ह्या जोड्यांत एकाहून मोठा सामाईक विभाजक नाही. हे योगायोगाने झालेले नाही. असे आकडे घेतल्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दातास क्रमाक्रमाने भेटतो. ३७ आणि ९ च्या जोडीत तीच दोन दातांची भेट ३३३ भेटींनंतर पुन्हा घडते. त्यामुळे झीज एकाच ठिकाणी न होता सर्वांत सारखी वाटली जाते. ही दोन चक्रे कारखान्यात एकमेकांवर फिरवून, घासून, जोडीनेच तयार करतात आणि दोहोंवर एकच जोडक्रमांक कोरतात. शेतकरी जमलेली बैलजोडी फोडीत नाही. चांगला मिस्त्रीही क्राउन एकीचा आणि पिनियन दुसरीचे असे करीत नाही. दोन अंक भिन्न दिसले की जोडी फुटलेली आहे, आणि आज ना उद्या ती पेटी ओरडणार, हे निश्चित समजावे.

उघडण्यापूर्वीची आणखी एक खूण रस्त्यावरच मिळते. मैल मोजणारे यंत्र आपले फेरे गिअरपेटीच्या मागच्या बाजूने घेते, आणि त्याची लहान दंतचक्रे मूळ आसास अनुसरून निवडलेली असतात. हुबळी ते धारवाड हे अंतर सुमारे साडेबारा मैलांचे. टायर मूळ मापाचे असून गाडी हे अंतर दहाच मैल दाखवीत असेल, तर ५.१४ च्या जागी ४.११ चा आस बसविला गेला असावा, असा तर्क करावयास हरकत नाही. कारण ह्या दोन आकड्यांचे प्रमाणही चारास पाच असेच आहे.

आता प्रश्न असा, की इतके आस मुळात बदलले का गेले? इथे पुन्हा इतिहास पुढे येतो. महायुद्ध संपले तेव्हा लष्कराच्या गाड्या ‘डिस्पोझल’ म्हणून विक्रीस निघाल्या, आणि देशातल्या मालवाहतुकीत त्यांचा मोठा भरणा झाला. युद्धकाळातल्या विलीज जीपच्या आसात ३९ आणि ८ दात होते, गुणोत्तर ४.८८. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये ४३ आणि ८ आले, गुणोत्तर ५.३८. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जीप जोडावयास आरंभ केला, आणि त्याच साच्यावरच्या गाड्या पुढे कित्येक दशके रस्त्यावर आल्या. दिसावयास दोन्ही आस सख्ख्या भावांसारखे. परंतु जीपची चारही चाके ओढणारी. पुढच्या आसाचे गुणोत्तर ५.३८ आणि मागच्याचे ४.८८ झाले, तर पुढची आणि मागची चाके शंभरात दहाच्या फरकाने एकमेकांशी भांडू लागतात. चिखलात हे भांडण घसरणीत निभावते. कठीण रस्त्यावर चारही चाके जोडली की शाफ्ट पिळतात आणि शेवटी काहीतरी तुटते. गुणोत्तर ओळखणे हा तेव्हा केवळ हौसेचा विषय उरत नाही.

दुसरे कारण धोरणाचे. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने असे ठरविले, की ज्यांना येथे क्रमाक्रमाने संपूर्ण गाडी बनवावयाची आहे त्यांनीच राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५४ साली निघून गेल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर कंपनी डॉज, डिसोटो आणि फार्गो ह्या नावांच्या मालमोटारी काढीत होती. १९५४ पासून टाटांच्या मर्सिडिस-बेंझ गाड्या जमशेदपुरास होऊ लागल्या. पण ज्याने पूर्वी शेव्हरोले घेतली होती त्याने काय करावे? सुटे भाग येईनात, नवी गाडी परवडेना. मग मोडलेल्या गाडीचा आस चालत्या गाडीस, पाऊण टनाचा अर्ध्या टनास, असे संसार उभे राहिले. पुढे पेट्रोल महागले आणि मद्रासच्या सिम्प्सन कंपनीची पर्किन्स डिझेल इंजिने जुन्या गाड्यांत बसू लागली. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनाइतके जलद फिरत नाही. जुना जोरकस आस तसाच ठेवला तर गाडी सपाटीवर रांगू लागते. म्हणून इंजिन बदलले की काहींनी आसही बदलला. थोडक्यात, ज्या लेखाविषयी आपण बोलत आहोत तो अनेकदा पुसून पुन्हा लिहिला गेलेला आहे. पण जुनी अक्षरेही पुरती जात नाहीत. केबिनवरची पाटी एक सांगते, हौसिंगवरची चकती दुसरे आणि आतले दात तिसरे. आणि ह्या तीन जबान्यांतील विसंगती हीच त्या गाडीची खरी जीवनकथा असते.

प्रवासी वाहतूक मुंबई राज्यात स्वातंत्र्यानंतर सरकारकडे गेली, एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. मालाची वाहतूक मात्र खाजगी हातांत राहिली, आणि तिच्यातून हुबळीस मालमोटारींचे एक मोठे ठाणे निर्माण झाले. विजय संकेश्वर ह्यांनी १९७६ साली गदगला एका मालमोटारीने व्यवसाय सुरू केला. तो पुढे हुबळीस येऊन देशातल्या मोठ्या वाहतूक कंपन्यांपैकी एक झाला. २०१० नंतर टाटांच्या छोट्या मालमोटारीही धारवाडजवळच्या कारखान्यात बनू लागल्या. कुमठ्याच्या बैलगाडीपासून इथपर्यंतचा रस्ता एकच आहे. बदलली ती जोडी.

आता ह्या विषयातील कळीची गोष्ट सांगतो. अलीकडे जुन्या गाड्या जतन करण्याची आवड वाढली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. रंग चढतो, पितळ लखलखते, लाकडी हौदा नव्याने घडविला जातो. परंतु जुनी पिकअप आजच्या हमरस्त्यावर पळत नाही, अशी मालकाची तक्रार असते, आणि तीवर उपाय म्हणून बहुधा पहिला बळी मागच्या आसाचा जातो. ५.१४ ची जोडी निघते, भंगारात तोलली जाते आणि तिथे ३ पूर्णांक काहीतरी बसते. गाडी पळू लागते. पण ती घाटाची होती हे सांगणारा एकुलता एक साक्षीदार वजनावर विकला गेलेला असतो. मालकास आपली गाडी वेगाने चालवावीशी वाटणे हा अपराध नव्हे. वापरात असलेली वस्तू वापरणाऱ्यासाठीच असते, आणि ह्या गाड्यांचे आस त्यांच्या उमेदीच्या काळातही गरजेपोटी बदललेच की! त्या काळच्या बदलास इतिहास म्हणावे आणि आजच्या बदलास नासधूस, हा न्याय मला मान्य नाही. आग्रह आहे तो फक्त नोंदीचा. देवळाचा जीर्णोद्धार करताना जुना शिलालेख हलवावा लागला तर प्रथम त्याचा ठसा घेतात. मग दगड हलवितात. आसाच्या बाबतीत हा ठसा घेण्यास अर्धा तास पुरे. चकतीवरचा मजकूर, हौसिंगवरचे ओतीव अंक, क्राउन आणि पिनियनचे दात, दोहोंवरचा जोडक्रमांक आणि दात कोणत्या बाजूने अधिक झिजले आहेत ते, एवढे एका वहीत उतरून घ्यावे आणि ते पान गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. काढलेली जोडी शक्य तर तेल लावून, कापडात गुंडाळून, एकत्रच ठेवावी.

आणि ही नोंद मिस्त्रीच्या शेजारी बसून करावी. कानाने आस ओळखणारे, हाताने शाफ्ट फिरवून दातांतील ढिलाई सांगणारे मिस्त्री हुबळी-धारवाडच्या गॅरेजांतून झाले. त्यांचे ज्ञान कानडी, मराठी आणि उर्दू ह्या तिन्हींच्या सरमिसळ बोलीत एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हातात दिले. पुस्तकात फारसे कुणी उतरविले नाही. दगडावरचा लेख न वाचता राहिला तरी पुढच्या शतकापर्यंत वाट पाहतो. लोखंडास गंज चढतो, भंगारवाल्यास घाई असते, आणि वाचणारा माणूस तर ह्या दोहोंहूनही अल्पायुषी. ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी असेल त्यांनी खडूचा एक तुकडा हाती घ्यावा आणि फेरे मोजावेत, चाकाचे दहा आणि शाफ्टचे जितके होतील तितके.